माकडांनी नेलेला झारा

होळीची राख गार झाली की आमच्या रामघाटावर नदी मागे सरकायला लागते. पावसाळ्यात गिळलेल्या पायऱ्या ती एकेक करून परत देते, चिखल लागलेल्या, उसनं भांडं न घासता परत करावं तशा. समोरच्या तीरावर वाळू पसरते. दुपारी तिच्यावरून जे वारं येतं ते तव्यावरून उठल्यासारखं असतं. इथे त्याला लू म्हणतात. सकाळी मात्र हवा अजून लाडात असते. गल्लीच्या टोकाला पाठशाळेतली मुलं एका सुरात घोकत असतात, पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी असते, आणि भाजीवालीच्या टोपलीत टिकोरे येतात. टिकोरा म्हणजे बाठ न धरलेली, अंगठ्याएवढी कैरी. चैत्र आल्याचं मला पंचांगातून कधी कळलं नाही. ते दाढेला कळतं. आता दाढा उरल्या नाहीत, तरी जिथे होत्या तिथे कळतं.

यंदाही तो तसाच आला. माझ्या लग्नात आईने दिलेली पितळी अन्नपूर्णा घासूनपुसून झोपाळ्यात बसवली. आता महिनाभर ती गौर, माहेरपणाला आलेली. अक्षय तृतीयेला परत जाणार. तिच्या पाठोपाठ माझ्या दोघी मुली आल्या. थोरली मंजू पुण्याहून, धाकटी चिंगी नोएडाहून. चिंगीचं खरं नाव भारदस्त आहे आणि तिच्या हाताखाली बरीच माणसं आहेत, पण घरात ती चिंगीच. तिच्याबरोबर तिची ओवी, पुढचे दात पडलेली. घर भरलं. आणि घर भरलं तशी माझी फळी रिकामी व्हायला लागली.

आधी लोखंडी कढई गेली. मग खलबत्ता. मग खोबरं किसायची जुनी विळी.

"मंजू, कढई दिसत नाही ग."

"माकडांनी नेली असेल, आई," मंजू म्हणाली. मोबाइलमधून मान वर काढली नाही.

हे वाक्य माझं होतं. मी याच स्वयंपाकघरात, अशाच चैत्रात, याच्याहून कितीतरी चांगल्या अभिनयासह ते म्हटलं होतं. चोरलेली वस्तू मालकाने ओळखावी तसं मी ते ओळखलं.

तेव्हा मंजू सात वर्षांची होती आणि चिंगी पाचाची. आणि मी कोण होते? मी ग्वाल्हेरची होते. हे मी कुणालाही दुसऱ्या वाक्यात सांगत असे. तिथे आमच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या होत्या, हे तिसऱ्या वाक्यात. इथल्या घराला एक झरोका होता आणि तो समोरच्या घराच्या इतका जवळ होता की हात लांब केला असता तर त्यांच्या चहात साखर घालता आली असती. खाली गल्लीतून बैल गेला की चौक्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, अंधार पडायचा. त्या अंधारात सासूबाईंच्या सोवळ्याच्या रेषा: इथे उभं राहायचं, इथे नाही, हे भांडं शिवायचं, ते नाही. मी नाकपुड्या फुगवून त्या रेषांवरून चालायची. फुगलेल्या नाकपुड्यांचा माझा एक फोटोही आहे. ओवीने पाहून विचारलं, "आजी, तुला सर्दी झाली होती?"

त्या फाल्गुनात, होळीच्या आधी एका रविवारी, आमचे हे मला रिक्षात बसवून शिवपूरच्या बाजूला घेऊन गेले. कचेरीची नवी वसाहत होती. तळमजल्यावरच्या एका क्वार्टरसमोर थांबून म्हणाले, "आपल्याला मिळतोय." कुलूप होतं. मी मागच्या बाजूला जाऊन खिडकीच्या गजांना नाक लावलं. आत ओटा दिसला, उभ्याने रांधायचा. खिडकीसमोर कडुनिंब, आणि त्याच्यापलीकडे आकाश. तुकडा नव्हे, चांगलं ताणून वाळत घातलेलं आकाश. मी त्या ओट्यावर मनात डबे मांडूनच परत आले.

"आईंना कोण सांगणार?" मी विचारलं.

"मी सांगतो. गौर उठू दे. सणात नको." हे म्हणाले.

आणि मी विश्वास ठेवला. आता हसू येतं. ज्या माणसाला दुधवाल्याला 'पाणी जास्त झालंय' एवढं सांगता येत नव्हतं, तो आपल्या आईला सांगणार होता की मी बायको घेऊन वेगळा होतो.

होळी झाली. मुलींच्या परीक्षा झाल्या. मंजू गल्लीतूनच ओरडत यायची, "आई, सगळा पेपर आला, एक सवाल सुटला फक्त." बोटांना शाई, ओठांना टिकोऱ्याचं मीठ. पाडवा झाला, तिजेला गौर बसली, आणि मी माझी मोहीम सुरू केली. आमच्या खोलीत पलंगाखाली माझी लग्नातली काळी ट्रंक होती. रोज दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी चौक्यातून माझ्या माहेरच्या भांड्यांपैकी एकेक पदराखाली घालून आणायची. लहान परात पदराखाली घालून चालणारी बाई कशी दिसते ते मी तेव्हा आरशात बघायला हवं होतं. मुली पलंगावर पालथ्या पडून बघत असायच्या.

"आजीला सांगायचं नाही हं."

"नाही सांगणार," दोघी म्हणायच्या. इतक्या पटकन म्हणायच्या की कुणाही शहाण्या बाईला शंका आली असती. मी ग्वाल्हेरची होते. मला आली नाही.

रोज सकाळी उंबऱ्याबाहेर चैत्रांगण काढायचं. त्यात सासूबाई कडक. गेरूने जमीन सारवायची, मग पांढऱ्या रांगोळीने झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, नाग, फणी, करंडा, आरसा, गोपद्मं. त्यांचा एक नियम होता: काढायला बसलं की पूर्ण करूनच उठायचं, अर्धं चैत्रांगण टाकून घरच्या बाईने उंबरा ओलांडून बाहेर जायचं नाही. "गौरीला कळलं पाहिजे की इथे तिचं सगळं आहे," त्या म्हणायच्या, "अर्ध्यावर सोडलं तर तिला वाटतं, घरच्यांचं लक्ष दुसरीकडे आहे." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या. मी कासवाची पाठ भरत असायची.

मग हळदीकुंकू. त्या दिवशी दुपारपासून आंबेडाळीचा वास जिन्यापर्यंत आलेला, माठात पन्हं, परातीत भिजवलेले हरभरे, कलिंगडाची कमळं. नदीपलीकडच्या वाळूतून नावेने आलेली कलिंगडं, अजून अंगाला रेती असलेली. रामघाट, बालाजीघाट, संकठाघाट, सगळीकडच्या आपल्या मराठी बायका लुगडी सावरत जिना चढून आल्या. वाळ्याच्या अत्तराचा वास, गजऱ्यातला बेला, म्हणजे इथला मोगरा, पंख्यासाठी वीज नाही. आणि भर सभेत सासूबाई म्हणाल्या, "यंदा भांडी जरा कमी पडताहेत हो. माकडं फार झालीत."

"हो ना," मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं. "परवा गच्चीवरून झारा नेला."

"झारा?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "माकडाला झारा कशाला ग?"

"तळायला," सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "परात आधीच नेली आहे त्याने. पुरीचं पीठ मळून तयार असेल."

बायका हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. मुली झोपाळ्यामागे तोंडात परकराचा बोळा कोंबून बसल्या होत्या. मला वाटलं, काय बाई गुणी आहेत पोरी, आईचं गुपित सांभाळून आहेत.

अक्षय तृतीया आली. दुसऱ्या दिवशी सामान न्यायला ठेलेवाला येणार होता. तसं ह्यांनी मला सांगितलं होतं. आईंशी अजून बोलले नव्हते, पण "आज बोलतो" असं म्हणून कचेरीत गेले होते. आणि मला एक सुचलं. गौर आज उठणार, मग पुढच्या वर्षी तिला नव्या घराचा पत्ता कसा कळणार? आजच तिथल्या उंबऱ्यावर चैत्रांगण काढून यावं. अंगात उत्साह असा की मी सासूबाईंना सांगितलं, मुलींना डॉक्टरकडे नेते. दोन्ही मुली तेव्हा दोरीच्या उड्या मारत होत्या.

शिवपूरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्यात अमलताश, म्हणजे आपला बहावा, फुलायला लागला होता, पिवळे घोस खाली लोंबत होते, आणि रिक्षात दोन्हीकडून दोघी मला घामाने चिकटल्या होत्या. क्वार्टरचं दार बंद. कुलूप नव्हतं. मी म्हटलं, साफसफाई करून ठेवली असेल. इतका विचार सरकारी कचेरी कुणाचा करत नाही, हेही मला सुचलं नाही. पदर खोचला, पायरीवर गेरूचं पाणी फिरवलं, रांगोळीची चिमूट घेतली. गौर झाली, सूर्यचंद्र झाले. मंजू शंखाला वळण देत होती, चिंगी गोपद्मं काढायची म्हणून बदकाचे पाय काढत होती. वर खिडकीत फुलाफुलांचा पडदा उडत होता. तो मी पाहिला. मला आवडलासुद्धा.

दार उघडलं. कडेवर मूल, हातात पोळीचं पीठ, अशी माझ्याच वयाची बाई उभी होती.

"जी? किसके यहाँ आई हैं?"

मी नाव सांगितलं. ह्यांचं.

"अच्छा, वो," ती म्हणाली. "उन्होंने तो मना कर दिया था न। तभी तो हमको मिला। होली के बाद ही आ गए हम लोग।"

मी पायरीवर बसलेलीच होते, हे बरं. तिच्या खांद्यावरून आतला ओटा दिसत होता. त्यावर तिचे डबे होते. मी मनात जिथे मांडले होते जवळजवळ तिथेच. खिडकीतून कडुनिंबाचा वास आला, त्याला मोहोर आला होता.

"ये क्या बना रही हैं, दीदी?"

काय सांगणार? माझ्या गौरीला तुमच्या घराचा पत्ता देतेय? मी म्हटलं, पूजा है. आणि अर्धं टाकून उठायचं नसतं म्हणून मी ते पूर्ण केलं. हत्ती काढला, नाग काढला, फणी, करंडा, आरसा. तिने आम्हा तिघींना बेलाचं सरबत दिलं आणि उभी राहून कौतुकाने बघत राहिली. तिच्या उंबऱ्यावर मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुबक चैत्रांगण काढलं. रडू आलं की हात थरथरतो म्हणतात. खोटं आहे. माझी एक रेघ हलली नाही.

परत येताना चिंगीने विचारलं, "आई, आता आपली ट्रंक?" मंजूने तिला कोपराने ढोसलं.

घरी सासूबाई गौरीची शिदोरी बांधत होत्या, दहीभात आणि कानवला. माझ्या बोटांना गेरू होता. त्यांनी तो पाहिला.

"पूर्ण केलंस ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू ट्रंक भरतेस हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या लेकी टिकोऱ्याच्या एका फोडीला एक भांडं, अशा भावाने सांगत होत्या. घर मिळालं नाही, हे तुझं तोंड बघून आत्ता कळतंय."

मी खोलीत जाऊन ट्रंक ओढली. त्या मागून आल्या, पलंगावर टेकल्या. मी एकेक भांडं बाहेर काढत गेले. परात, कळशी, चिमटा, तो इतिहासप्रसिद्ध झारा. कोपऱ्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. उघडलं तर पुरणयंत्र. सासूबाईंचं, पितळी, घरातलं एकुलतं एक.

"हे मी नाही ठेवलं."

"मी ठेवलं. पाट्यावर पुरण वाटलंस की गुठळ्या राहतात तुझ्या. तिकडे गेल्यावर कोण देणार होतं?"

मग त्यांनी डोळ्याला पदर लावल्यासारखं केलं आणि न लावता खाली सोडला. "मला कुणी विचारलंच नाही ग," त्या म्हणाल्या. "मी काय नाही म्हटलं असतं?"

संध्याकाळी हे आले. मी फक्त त्यांच्यासमोर उभी राहिले. ते खुंटीला अडकवलेल्या सदऱ्याशी बोलल्यासारखे म्हणाले, "आईला सांगायचं जिवावर आलं. म्हणून साहेबांनाच नको म्हणून सांगितलं. आणि तुला... तू इतकी खुशीत होतीस, सांगवेना."

म्हणजे महिनाभर हा माणूस मला गुणगुणताना बघत होता. ट्रंकेवरच्या पलंगावर झोपत होता. ठेलेवाल्याशी ठरवल्याच्या थापा मारत होता. घर गेलं याचं दुःख उन्हाळ्याबरोबर ओसरलं. पुढच्या पावसात नदी गल्लीत आली तेव्हा मी काही त्या ओट्याची आठवण काढत बसले नाही. पण माझी ती खुशी त्यांनी बाहेरून, तिकीट न काढता बघितलेला तमाशा होती, हे अजून ओसरलेलं नाही. हा विषय निघाला की ह्यांना ऐकू कमी येतं. हल्ली तर खरंच कमी येतं, त्यामुळे त्यांची फार सोय झाली आहे.

सासूबाईंचं आणि माझं त्यानंतर गूळपीठ जमलं असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी लोणच्याच्या मिठावरून वाजलं. पण पुरणयंत्र मात्र त्या दिवसापासून माझ्या फळीवर राहिलं.

परवापर्यंत होतं. परवा तेही गेलं.

तेव्हा मात्र मी ओवीला गाठलं. टिकोरा चिरला, काळं मीठ आणि तिखट लावलं, पहिली फोड तिच्या तोंडाशी नेली आणि थांबवली. सासूबाईंचा भाव मला पाठ होता.

"पुरणयंत्र कुठे आहे ग?"

"बॉक्समध्ये. मम्मीने टेप पण लावला." फोड गेली. दुसरी दाखवली. "संडेला गाडी येणार. तुम्ही दोघं आमच्याकडे राहणार, लिफ्ट आहे ना, म्हणून. मावशी म्हणाली, आजीला आत्ता नाही बोलायचं, सण आहे." तिसऱ्या फोडीला तिने स्वतःहूनच सांगितलं, "आजोबांनी तर कधीच हो म्हटलंय."

जिना उंच आहे, मान्य. ह्यांचे गुडघे गेले, मान्य. दरवर्षी पाणी दारापर्यंत येतं, दवाखाना लांब, मुलींचा जीव तिकडे टांगलेला, सगळं मान्य. दोघींनी समोर बसून विचारलं असतं तर मी थोडं नाक फुगवून, ग्वाल्हेरचा एक फेरा मारून, बहुधा हो म्हटलं असतं. लिफ्टमध्ये बसायला मला आवडतं. पण विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला खुशीत ठेवायचं सुचलं. या घरात माणसं एकमेकांना इतकं खुशीत ठेवतात की कुणाला कुणाचं काही कळू देत नाहीत.

आज अक्षय तृतीया. सकाळी हे चहा पीत होते. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी बशी खाली ठेवली. मग झोपाळ्याकडे बघितलं.

"तू चैत्रात इतकी खुशीत असतेस," ते म्हणाले.

मी उठले. आत मुली गौरीच्या शिदोरीचं बघत होत्या, दोघी हळू आवाजात बोलत होत्या, मी दारात आल्यावर मोठ्या आवाजात बोलायला लागल्या. गेरूचं पाणी घेतलं, रांगोळीचा डबा घेतला, आणि उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. सासूबाई पुरणयंत्र ट्रंकेत ठेवून मोकळ्या झाल्या होत्या. ते त्यांचं मन. मी सासूबाई नव्हे.

सूर्य काढला, चंद्र काढला. शंख, कासव, नाग. ओवी जवळ येऊन उकिडवी बसली, तिला गोपद्मं काढायला दिली. तीही बदकाचेच पाय काढते. फणी झाली, करंडा झाला, आरसा झाला. झोपाळा काढला, साखळ्यांसकट. मग मी हात झटकले, पाट आतल्या बाजूला ओढला आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले.

"आजी, झोपाळ्यात गौर राहिली."

"राहू दे."

आतून मंजू आली, हात पुसत. तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आजीचा नियम तिला माझ्याइतकाच पाठ आहे. शिवपूरच्या उंबऱ्यावर शंख तिनेच काढला होता. तिच्या मागे चिंगी येऊन उभी राहिली. दोघी सात आणि पाच वर्षांच्या दिसायला लागल्या.

"आई," मंजू म्हणाली, "पूर्ण कर ना."

"करीन की," मी म्हटलं. "आधी पुरणयंत्र फळीवर ठेव. कढई ठेव. मग दोघी माझ्यासमोर बसा आणि मला विचारा."